डोंगराला बोललेली बाई

मेरापी डोंगराला आमच्या उतारावर कुणी मेरापी म्हणत नाही, आजोबा म्हणतात. आजोबा खोकले, आजोबांची तब्येत नरमगरम आहे, आजोबांना आज झोप नाही. आणि वरून आग उतरायची लक्षणं दिसली की म्हणायचं, आजोबांकडे कार्य आहे. उद्रेक वगैरे शब्द खाली शहरातल्या लोकांचे. घरच्या वडीलधाऱ्याबद्दल असं वाकडं कुणी बोलतं का?

पोनिरा याच वळणात वाढली. ती लहान असतानाच तिचे वडील गवताचा भारा आणायला वर गेले आणि परत आले नाहीत. शिखरावरून लोळत येणाऱ्या तापलेल्या ढगाला आम्ही झिपरी मेंढी म्हणतो. ती त्यांच्यावरून गेली. आईने सगळ्यांना सांगितलं, आजोबांना कार्याला वाढपी कमी पडले म्हणून त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं. बायकांनी माना डोलावल्या. आमच्याच घरचा वाढपी का, हा प्रश्न पोनिराच्या ओठांवर आला होता, पण तो तिने गिळला. गिळलेला प्रश्न काही पचत नाही.

मग राहता कशाला तिथे, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा आमचं गवत बघावं. राख पडते त्या वर्षी सगळं करपतं खरं, पण दोन पावसाळे जाऊ द्या, हत्तीगवतात माणूस उभा दिसत नाही. मिरची लावा, तंबाखू लावा, कोबी लावा, माती नाही म्हणत नाही. पोनिरा आणि तिचा नवरा सार्जियो यांनी एका भाकड गाईवर संसार मांडला आणि त्याच गवतावर गोठा भरला. लेक तार्मी दुधावर नर्स झाली. खाली सपाटीवर यांना कोण काय देणार होतं? दुसऱ्याच्या भातात कमरेत वाकायचं, एवढंच.

पण या सुखाला एक कायमचा घोर होता. पोनिरा चुलीवर भात चढवताना आधी शिखराकडे बघायची आणि मग तांदळाकडे.

मग एका वर्षी आजोबा अस्वस्थ झाले आणि सरकारने सगळ्यांना खाली उतरवलं. बायका, पोरं, म्हातारी माणसं शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर. गाई मात्र वरच, कारण गाईंना कुठल्या सतरंजीवर ठेवणार? मग पुरुष पहाटे मोटारसायकलींवरून वर जायचे, वैरण टाकायचे, धारा काढायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचे. बंदी होती, पण आमच्याकडे असंच करतात. बायका हॉलमध्ये वॉकीटॉकी मांडीवर घेऊन बसायच्या. सगळ्या उताराचा चॅनेल एकच, एकाने खाकरलं तरी दहा गावं ऐकतात.

त्या दिवशी सगळे आले, सार्जियो आला नाही.

"तार्मीचे बाबा, ऐकताय का? सगळे पोचले."

"ऐकतोय. गाय अडलीय. वासराचे पाय दिसतायत, डोकं मागे वळलंय."

अडलेली गाय म्हणजे हा माणूस दुपारपर्यंत हलायचा नाही, हे पोनिराला ठाऊक होतं.

"आजोबांकडे कार्य आहे म्हणतायत," ती म्हणाली.

"कार्य नाही असा दिवस सांग. पंगत बसू दे, मग येतो."

चॅनेलवर कुणीतरी हसलं. "वहिनी, दक्षिणा घेऊनच येईल तो," असंही कुणी म्हणालं. पोनिराला हसू आलं नाही. हॉलचं पत्र्याचं छप्पर मघापासून बारीक थरथरत होतं, पाऊस पडावा तसा आवाज येत होता आणि बाहेर तर लख्ख ऊन. बायकांनी वर बघितलं, एकमेकींकडे बघितलं आणि पुन्हा भाजी चिरायला लागल्या.

तिने परत बटण दाबलं. "अहो, आजोबांची पंगत मोठी दिसतेय."

"हो, हो."

ते दोन 'हो' ऐकले आणि तिला आपली आई आठवली, वाढपी कमी पडले म्हणून सांगणारी, नीट पदर सावरून सांगणारी. उद्या मीही असंच सांगत बसणार, हे तिला स्वच्छ दिसलं. आणि इतक्या वर्षांचं गिळलेलं एकदम वर आलं.

"ऐका," ती म्हणाली. "तो डोंगर तुम्हाला जाळून मारणार आहे. माझ्या बापाला मारलं तसंच. आजोबा नाही की कुणी नाही, आग आहे ती. गाय मरू दे. सोडा आणि या. नाही आलात तर मी वर येते, मग दोघंही मरू."

हॉलमध्ये विळ्या थांबल्या. मग विर्योकाकांचा आवाज आला. गावचा नैवेद्य दर वर्षी डोंगरावर नेतात ते हे विर्योकाका.

"बाई, जीभ आवर. सगळा उतार ऐकतोय."

"ऐकू दे," पोनिरा म्हणाली.

सार्जियो आला. कोपरापर्यंत हात रक्ताने माखलेले. बायकोकडे न बघता तो नळाखाली हात धूत राहिला.

"मी निघालो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती," एवढंच तो म्हणाला. गाईबद्दल म्हणाला.

आणि डोंगर गप्प. दिवसभर गप्प, दुसऱ्या पहाटेही गप्प, शिखरावर धुराची रेघ नाही. पोनिराला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्याच्यासाठी तोंड विटाळलं ते झालंच नाही, गाय मात्र गेली. त्या पहाटे एकही मोटारसायकल सुरू झाली नाही. वडीलधाऱ्याला चारचौघांत असं बोलल्यावर लगेच त्याच्या दारात जायची कुणाची छाती? दोन दिवस राग निवू दे, असं विर्योकाकांनी सांगितलं आणि पुरुष सिगारेटी ओढत पायऱ्यांवर बसले.

आणि त्याच सकाळी, ऐन धारा काढायच्या वेळी, झिपरी मेंढी आमच्या वाडीवरून गेली. घरं गेली, गोठे गेले, गाई गेल्या. माणूस एकही नाही, कारण वर कुणी नव्हतंच.

यानंतर लोकांनी पोनिराला डोक्यावर घेतलं असेल असं वाटतं ना? कसलं काय. कार्य नदीच्या अंगाला व्हायचं होतं, हिने बोलून आपल्या दारात आणलं, असा निकाल लागला. ती जवळ गेली की बायकांच्या गप्पा थांबत. उतारावर परत घरं उभी राहिली, राखेतून गवत फुटलं, पण नैवेद्याचा भात रांधायला तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही. लोकांचं तिने सोसलं असतं. पण सार्जियोनेही तिच्या बाजूने एक शब्द काढला नाही. तो गवताबद्दल बोले, दुधाबद्दल बोले, तार्मीच्या बाळाबद्दल बोले. त्या दिवसाबद्दल नाही. आपण त्याला वाचवलं की लुबाडलं, हे तिला त्याच्या तोंडावरून कधी कळलं नाही.

काही वर्षांनी आजोबा पुन्हा अस्वस्थ झाले. पुन्हा तोच हॉल, त्याच सतरंज्या, पुरुष पुन्हा वर. एका सकाळी छप्पर थरथरायला लागलं आणि शेजारची सामिन्तेन तिच्यासमोर येऊन उभी राहिली. ही सामिन्तेन इतकी वर्षं तिला पाहून वाट बदलत होती.

"आक्का, आमचे हे ऐकत नाहीत गं. केव्हापासून सांगतेय, कार्य आहे, कार्य आहे."

"मग नीट सांग की."

"मला कसं बोलवेल तसं?" सामिन्तेन रडकुंडीला आली होती. "तू एकदा बोललीच आहेस. तुझं काय व्हायचं ते होऊन गेलंय. आमच्यासाठी पण बोल."

तिच्या मागे आणखी बायका होत्या. सगळ्यांच्या मागे, काठी टेकत, विर्योकाका. त्यांचा मुलगा वर होता. ते जमिनीकडे बघत होते.

पोनिराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बसा आता तुमच्या कार्याच्या पंगतीला, असं म्हणायचं अगदी जिभेवर आलं, आणि क्षणभर तिला ते फार गोड वाटलं. मग तिने वॉकीटॉकी उचलला.

"नावं सांगा," ती म्हणाली.

बायका नावं सांगत गेल्या आणि ती एकेकाला हाक मारून तेच सांगत गेली. डोंगर मारेल. खाली ये. कुणी कुरकुरत आलो म्हणालं, कुणी नुसतंच हूं केलं. शेवटी एकच नाव उरलं, सार्जियोचं. त्या माणसाला हेच शब्द ती पुन्हा कोणत्या तोंडाने सांगणार होती?

तेवढ्यात चॅनेल खरखरला.

"पोनिरा." तो तिला नेहमी तार्मीची आई म्हणायचा. "मला नको सांगूस. वरच्या वाडीत तिघं हटून बसलेत, त्यांना घेऊनच येतोय."

बटण सोडायचं तो विसरला असावा. कारण मग तो तिकडे कुणावर तरी ओरडत असलेला साऱ्या हॉलला ऐकू आला.

"अरे आजोबा नाही की कुणी नाही, आग आहे ती. निघ."