जुगाराची नोटीस

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या मार्कशिटा आणि बदललेली नावं छापतात त्यांच्या शेजारी, एक जाहिरात हमखास असते : 'मुलगा आमच्या कह्यात नाही, त्याच्याशी आमचा काहीएक संबंध नाही.' दिग्रसच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात बसून अशा नोटिसा मी ढिगानं लिहिल्या. चहा थंड व्हायच्या आत एक लिहून व्हायची. त्यातल्या एकीनं मला जन्माची अद्दल घडवली.

कापसाची ती वाईट वर्षं होती. गावातल्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग एकामागून एक बंद पडत होत्या. त्यातल्याच एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा एक माणूस माझ्याकडे आला. "बाई, पोट्ट्याले घराबाहेर काढलं. नोटीस द्याची हाय."

"काहून?"

तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला. मग म्हणाला, "तिथल्या फिटरसंगं सापडला. म्या माह्या डोयानं पायलं." आणि ढसाढसा रडायला लागला.

कारण मी लिहिलं : जुगार आणि दारू. त्यानं सांगितलं नव्हतं, माझ्याच डोक्यातून निघालं. तेव्हा अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं तीनशे सत्त्याहत्तर कलम जिवंत होतं, पोराला एक बहीण लग्नाची होती, आणि कारण न लिहावं तर लोक छप्पन्न कारणं लावतात. मला वाटलं, मी मोठी शहाणी, पोराला वाचवलं.

छापून आल्यावर तो पोरगा स्वतःच ऑफिसात आला. विशीतला, केस नीट विंचरलेले. "मॅडम, मले त पत्तेबी पिसता येत नाही," म्हणाला आणि हसला. मी तापट बाई. आतून लाज वाटत होती म्हणून जास्तच ओरडले, "जीव वाचला ना? मग हो चालता!" त्यानं माझ्या फायलीतलं नोटिशीचं कात्रण मागून घेतलं, घडी घालून पाकिटात ठेवलं आणि गेला.

सात-आठ वर्षांनी त्याचा फोन आला, परदेशातून. देशाचं नाव लिहीत नाही. हॉटेलात भांडी घासायला म्हणून तो तिकडे गेला होता. परत आलो तर जगू देणार नाहीत, मला इथंच राहू द्या, असा अर्ज त्यानं केला होता. अशा पोरांना आसरा देणारा कायदा तिकडे आहे. पण घरच्यांनी खरंच टाकलं, आणि याच कारणासाठी टाकलं, याचा पुरावा पाहिजे. त्याच्याजवळ पुरावा एकच, ते कात्रण. अधिकाऱ्यानं त्याचं भाषांतर करून घेतलं आणि विचारलं, तुला तर जुगारासाठी काढलंय, मग इथं कशाला आलास?

फोनवर तो मला एक शब्द वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

कारण खोटं होतं आणि ते मीच घातलं, असं प्रतिज्ञापत्र मी त्याच दिवशी करून पाठवलं. कोर्टातल्या बाररूममध्ये चेष्टा झाली, "बाई आता इंटरन्याशनल!" त्याच्या तिकडच्या वकिलाचं उत्तर आलं : एकदा खोटं लिहिणाऱ्या वकिलावर अधिकारी विश्वास ठेवणार नाहीत, घरातल्या कोणाचं तरी लेखी म्हणणं पाहिजे. नाहीतर त्याला परत पाठवतील.

जिनिंग बंद झाल्यावर त्याचे आईबाप लोहाऱ्याला राहायला गेले होते. बाप तिथं एका कारखान्यावर चौकीदार. मी गेले. बापानं दारातूनच हात जोडले. "नोटीस छापली, विषय संपला." आईनं पाणी दिलं. तांब्या परत घेताना हळूच विचारलं, "जित्ता हाय ना?" मी मान हलवली.

पुढच्या गुरुवारी डोळे तपासायचे म्हणून ती एसटीनं एकटी दिग्रसला आली.

"काय लेहाचं ते सांगतो मी, लेहा," म्हणाली. माझ्या डोक्यात कोर्टाचे शब्द भरलेले. समलैंगिक, अनैसर्गिक, अमुक कलम. तिनं भिंतीकडे पाहत सांगितलं, "माह्या लेकाले पोट्टाच आवडे. लहानपणापासून मले ठाऊक होतं. त्याच्या बापानं त्याले त्याच्यासाठीच मारलं, त्याच्यासाठीच काढलं. म्या दारात उभी होती अन् काही बोलली नाही." मी काना-मात्रा न बदलता लिहून घेतलं.

शाईचा पॅड पुढे केला, तशी ती म्हणाली, "हे लेहलं का तो घरी येईन ना?"

माझा हात थांबला. दर अर्जाला सरकार काहीतरी देतं, तसं हा कागद पोराला आणून देईल अशा हिशेबानं ती बसमध्ये बसली होती. हो म्हणायला माझं काय जात होतं? पण एकदा मी दया दाखवली होती, त्याचे भोग समोर होते.

"नाही, काकू. हा कागद चालला तर त्याला तिथंच राहता येईल. पण मग त्याला इकडे येता नाही येणार. इथं जिवाला धोका हाय, असंच तर आपण लिहून देऊन राह्यलो."

तिनं पॅड थोडा बाजूला सारला.

"तिथं जेवाले कोण वाढते त्याले?"

"हाय एक जण."

"पोट्टा?"

"हो."

"बरं हाय," म्हणाली आणि अंगठा पॅडवर दाबला. मग कागदावर इतका जोरात दाबला की ठसा पसरला. मला तिच्याकडून दुसरा घ्यावा लागला.

चार महिन्यांनी निकाल आला. अर्ज मंजूर. आईच्या जबानीवर विश्वास ठेवतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ती पुन्हा डोळ्यांचं निमित्त काढून आली. मी एकेक ओळ मराठीत सांगितली. ती ऐकत होती, अंगठ्यानं पदराचं टोक चोळत.

"म्हंजे केस जिकलो आपण?"

"जिकलो, काकू."

"म्हंजे आता तो येत नाही."

"नाही येत."

तिनं पदर तोंडात कोंबला. बाहेर पक्षकार बसले होते, आवाज जाऊ नये म्हणून.