वैनींचा चीक

"झाडाला पाय नाय बाई, म्हून त्याला चीक हाय," असं म्हणत वैनी तोडलेल्या चिकूच्या देठावरचा पांढरा चीक बोटाने पुसायच्या आणि ते बोट माझ्यापुढे धरायच्या. नवी अंगठी दाखवावी तशा थाटात.

तारापूरजवळच्या त्या गावात मी शाळेत शिकवायला गेले आणि त्यांच्या पडवीतली खोली मला भाड्याने मिळाली. त्यांच्या म्हणजे त्यांच्या दिराच्या. वैनी ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, पदरी मूल नाही, माहेरी कोणी उरलेलं नाही. दीर वैनी म्हणायचा म्हणून सगळं गाव वैनी म्हणायचं, मग मीही म्हणू लागले. वाडी शिंपायची, फळं उतरवायची, सगळ्यांना वाढायचं आणि उरेल ते शेवटी खायचं. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. या बाईला जीभ होती, एवढाच फरक.

"बसून खाता तुमी," असं दीर एकदा म्हणाला.

"उभ्याने खाल्लं तर जास्त जातं भावजी. तुमालाच कमी पडेल."

गेल्या गेल्याच मी न विचारता एक चिकू तोडून खाल्ला. जीभ टाळ्याला चिकटली, हजेरी घेताना शब्द फुटेना. वैनींना कोण आनंद झाला. "बरं झालं. आतली बी तयार व्हायची हाय अजून. तवर कोणी तोंड लावू नये म्हून त्याने तुरट ठेवलंय. वेळ झाली की सोताच गोड होऊन बोलावतो." मग त्यांनी मला फांदीवर चिकात अडकून वाळलेली एक अळी दाखवली. "खायला आली आन तोंडच मिटलं तिचं." गाय व्याल्यावरच्या पहिल्या दुधालाही आपण चीकच म्हणतो, हे त्यांनीच माझ्या ध्यानात आणून दिलं. दोन्ही चीक राखणीचेच, एक वासराला राखतो, एक झाडाला, असं त्यांचं म्हणणं.

दिराचा एक दोस्त जेवायला आला होता. वैनी वाढत असताना हा गृहस्थ त्यांच्या देखत त्यांना पांढऱ्या पायाची म्हणाला. वैनींनी त्याच्या वाटीत अळूचं फदफदं वाढलं. दोन घासांत त्याचा घसा खाजायला लागला, डोळे पाण्याने भरले. "अळूच्या अंगात खाज असते," वैनी शांतपणे म्हणाल्या. "चिंच घातली की मरते. तुमच्या वाटीत घालायची राहिली वाटतं." दिराच्या वाटीत मात्र चिंच होती, कारण त्याने ताटावर बसल्यापासून तोंड उघडलं नव्हतं.

त्याच सुमारास अणुवीज केंद्राचं काम निघालं. कामगारांच्या नव्या वसाहतीत झाडं लावायची होती आणि रोपं सांभाळायला बायका हव्या होत्या. तिथला मुकादम माझ्या ओळखीचा होता. मी वैनींबद्दल सांगितल्यावर तो म्हणाला, सोमवारी पाठवा, राहायला खोलीपण देतो. मी विहिरीवर जाऊन वैनींना हे सांगितलं. त्यांनी कळशी खाली ठेवली.

"खोलीला आतून कडी हाय?"

"आहे."

"मग येते."

दीर काय काय बोलेल याचा त्यांनी आधीच हिशेब मांडला. भांडी घासता घासता प्रत्येक शिवीला उत्तर तयार करून त्या मला ऐकवत होत्या आणि मी हसून हसून बेजार होत होते. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी गाठोडं घेऊन त्या अंगणात आल्या, तर दीर वाडीच्या फाटकात उभा. हातात किल्ल्यांचा जुडगा. तो ओरडला नाही. जुडगा त्याने त्यांच्यापुढे धरला. "वैनी, आई गेल्यापासून हा कमरेला लावायला घरात बाईच नाय राहिली, असं धरून चाललो. चुकलं माझं. हे घर तुमचं हाय. तुमी गेल्यावर झाडांनी कोणाकडे बघायचं?"

मी उत्तराची वाट पाहिली. वैनींनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांची सगळी तयारी शिव्यांसाठी होती. त्यांनी किल्ल्या घेतल्या आणि गाठोडं उचलून त्या पुन्हा घरात गेल्या. त्या जुडग्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपंही घरात शिल्लक नव्हती.

माझा संताप झाला. संध्याकाळी त्यांना गाठून मी म्हटलं, "बांडगूळ आहे तो माणूस."

"हाय ना," त्या म्हणाल्या. "पन बांडगूळ चावत नाय बाई. गुमान येऊन फांदीवर बसतं. झाडाला वाटतं आपलीच फांदी, ते पोसत राहतं. चावणाऱ्यासाठी चीक हाय. न चावणाऱ्याचं काय करायचं, ते झाडाला कुठं ठाव हाय?"

पुढे माझी बदली झाली. एका सुट्टीत मुद्दाम त्यांना भेटायला गेले, तर वाडीत दुसरंच कोणी राहत होतं. घर तुमचं हाय म्हणणाऱ्याने ते केव्हाच विकलं होतं आणि बोईसरला स्टेशनाजवळ किराणा दुकान टाकलं होतं. दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत वैनी स्टोव्हपाशी बसल्या होत्या. दारासमोर फरशी, फरशीपुढे भिंत. हिरवं पान म्हणून कुठे दिसत नव्हतं.

"या बाई, किती वाळलात. साखर थोडी जास्त टाकू ना?" त्यांनी विचारलं. मायेने, अगदी हळू आवाजात.

पुढे दुकानात कोणी मजूर "सेठ, बीडी देना," म्हणत होता. तेवढ्यात दिराचा आवाज आला, "ए वैनी, जेवण कुठाय? बसून गप्पा मारते नुसती."

मी कप खाली ठेवला. आता काय ऐकायला मिळतंय म्हणून मला आधीच हसू यायला लागलं होतं.

"आणते हां भावजी," वैनी म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. माझ्या तोंडावरचं ते हसू मला लवकर पुसता येईना, आणि डोळ्यांतून मात्र पाणी वाहायला लागलं.