उकिरड्यात मुरलेले रंधे

मोठ्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि राजेश्रीनं नाकाला पदर लावला. आत वरण नव्हतं. मीठ आणि व्हिनेगरच्या तांबूस पाण्यात सुतारांच्या रंध्यांची पाती बुडवून ठेवली होती, आणि दुधावर साय धरावी तसा वर गंजाचा फेस धरला होता. पातेलं तिच्या आईनं लग्नात दिलेलं.

“अहो, ह्याच्यात आता मी काय शिजवू?”

परमेश्वर चौकटीला टेकून मोबाईल बघत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “दुसरं आणू की. असली धा पातेली आणू. तू निसतं इंग्रजी लिही.”

इंग्रजी लिहिणं हेच त्या घरातलं राजेश्रीचं मोठं काम होऊन बसलं होतं. ती पिंगळीची. बी.ए. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं मुलांच्या शिकवण्या घेतलेली. झरीला दिली तेव्हा परमेश्वरचं मोबाईलचं दुकान बऱ्यापैकी चालायचं. मग लोक घरबसल्या रिचार्ज करायला लागले, चार्जर आणि कव्हरं ऑनलाईन मागवायला लागले, आणि हा दिवसभर गल्ल्यावर बसून माशा मारायला लागला. एकदा कुणा भंगारवाल्याकडं त्याला जुना बाभळीचा रंधा दिसला. गंमत म्हणून त्यानं फोटो काढून ऑनलाईन विकायला टाकला. दुसऱ्या दिवशी बंगळुरूच्या एकानं तो घेतला. भंगारात चाळीस रुपयांना मिळालेल्या त्या लाकडाच्या ठोकळ्याचे त्या माणसानं साडेतीन हजार दिले, वर ‘धन्यवाद’ही लिहिलं.

त्या दिवसापासून परमेश्वरला सुतारांची घरं दिसायला लागली. मोटारसायकल काढायची, गावोगाव हिंडायचं, माळ्यावर पडलेले रंधे, पटाश्या, वाकस, गिरमिटं असली हत्यारं किलोच्या भावात उचलायची. सुतारही खुशीनं द्यायचे. सगळ्यांकडं आता विजेवरची मशीन आलेली. ते जुनं लोखंड त्यांच्या लेखी अडगळच होतं. इथपर्यंत राजेश्रीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ती रंधा स्वच्छ पुसायची, पात्याची मापं घ्यायची, खरं तेच लिहायची.

पण खऱ्यानं भाव वाढेना. मग परमेश्वर तिला सांगायला लागला. “लिही, निजामाच्या वाड्यावर काम केलेल्या कारागिराचा रंधा.”

“हे खरं हाय का?”

“निजामाच्या काळात इथं सुतार न्हवते का? मग खोटं काय त्याच्यात?”

तिनं लिहिलं. गिऱ्हाइकं तुटून पडली. त्यांतल्या बहुतेकांना लाकूड तासायचं नव्हतंच. कुणाला हॉटेलच्या भिंतीवर टांगायचा होता, कुणाला दिवाणखान्यात पुस्तकांशेजारी ठेवायचा होता. काहीजण परमेश्वरकडून घेऊन तोच रंधा तिप्पट भावानं पुढं विकायचे. “गंज काढू नका,” असं आवर्जून लिहायचे. एकानं तर विचारलं, मुठीवर घामाचे डाग असलेला आहे का, जास्त पैसे देऊ. राजेश्रीनं ते वाचलं आणि मोबाईल पालथा घातला. परमेश्वरनं मात्र एरंडेल तेलात चुलीची काजळी कालवली, हातानं मळ चोळून चोळून मुठीवर घामाचे डाग तयार केले, आणि रंधा पाठवून दिला.

हळूहळू गावातले जुने रंधे संपले. मग तो परभणीच्या बाजारातून नवे कोरे आणायला लागला. पाती व्हिनेगरात, लाकूड उकिरड्यात. घरामागं सासूची, पार्वतीबाईंची, म्हैस होती. म्हशीच्या मुतात भिजवलेल्या गोणपाटात रंधे गुंडाळायचे आणि शेणाच्या ढिगात पुरून ठेवायचे. महिन्याभरानं काढले की बाभूळ काळीठिक्कर पडायची, शंभर वर्षांची वाटायची. लोणचं मुरवावं तसं ते मुरवणं चालायचं. मग ते सगळं न्हाणीत धुतलं जायचं, आंघोळीच्याच बादलीत. राजेश्रीला पिठाला वास यायला लागला, पाण्याला वास यायला लागला. ताटावर बसलं की घास फिरायचा.

सासूला सांगितलं तर त्या म्हणाल्या, “नवरा कमवायलाय, तर तुला वास यायलाय?”

घरात नवा फ्रिज आला होता. पार्वतीबाई शेजारणींना बोलावून त्याचं दार उघडून दाखवायच्या. त्यातल्या खालच्या कप्प्यात परमेश्वरनं व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या होत्या.

अशात एक दिवस तो देवगाव फाट्याहून एक लाकडी पेटी घेऊन आला. पेटी उघडली आणि राजेश्रीला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. आतली हत्यारं अस्सल होती. रंध्याच्या कडेला अंगठा टेकून टेकून खळगा पडलेला. पटाश्यांची पाती घासून घासून बोटभर उरलेली.

“कुणाची हो?”

“सिताराम नावाचा सुतार होता. वारला. म्हातारीनं रडत रडत दिली पेटी.” त्यानं मोबाईल पुढं केला. फोटोत एक म्हातारी हातात रंधा धरून उभी होती. पदर डोक्यावरून, गळ्याभोवती लपेटलेला. कपाळ मोकळं.

त्या मोकळ्या कपाळाकडं राजेश्री बघत राहिली. ती दहा वर्षांची असताना तिचे वडील गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं कपाळ बघून ती घाबरून मोरीत जाऊन लपली होती. तो फोटो समोर ठेवून ती लिहायला बसली, आणि त्या दिवशी तिला कुणी सांगावं लागलं नाही. परमेश्वरनं एवढंच सांगितलं होतं की सुतार गरिबीत गेला, दवाखान्याला पैसे नव्हते. बाकीचं तिनं मनानं लिहिलं: भूक, रिकामी चूल, शेवटपर्यंत हातात धरलेला रंधा. लिहिताना तिला रडू आलं.

ती पेटी अख्ख्या धंद्यातली सगळ्यात महाग विकली गेली. शेकडो लोकांनी त्या फोटोखाली हळहळ व्यक्त केली. पुण्याच्या एका बाईंनी तर त्या आजींसाठी म्हणून साडी पाठवली. पांढरट, बारीक काठाची, विधवेला चालेल अशी.

परमेश्वरनं पार्सल फोडलं, साडी बघितली आणि राजेश्रीकडं टाकली. “ठेव. तुझ्या आईला होईल.”

राजेश्रीनं साडी घडी घालून कपाटात ठेवली. पण परमेश्वरचं ते वाक्य काट्यासारखं तिला बोचत राहिलं. चार दिवसांनी परमेश्वर माल बघायला हिंगोलीकडं गेला, तशी तिनं साडी पिशवीत घातली, पिंगळीला आईकडं जाऊन येते असं सासूला सांगितलं आणि जिंतूरची गाडी धरली. तिथून गाडी बदलून देवगाव फाट्याला उतरली.

फाट्यावर चहाच्या हॉटेलात तिनं विचारलं, “दादा, ते सिताराम सुतार वारले, त्यांचं घर कुठं हाय?”

चहावाला गाळणी धरून थबकला. “सिताराम? कवा वारला? सकाळी तर इथं चहा पिऊन गेला.”

“दुसरे असतील.”

“सुतार एकच हाय बाई. त्या मशीनचा आवाज यायलाय न्हाई का, तितं जावा.”

घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारा दरवाजाची फळी मशीनखाली सरकवत होता. भुश्शानं भुवया पांढऱ्या झालेल्या. ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेल्या म्हातारीनं मान वर केली. तीच फोटोतली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात काळी पोत.

राजेश्रीला काय झालं ते नीट कळण्याआधीच उमळून आलं. ती शेडच्या कोपऱ्यात भुश्शाच्या ढिगाजवळ वाकली आणि ओकली.

धुरपताबाई, त्या म्हातारीचं नाव, तांब्या घेऊन धावत आल्या. पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, “सावकाश, माय. पोटुशी हाईस का? अशा दिसात एकटी कशाला हिंडायलीस?”

“न्हाई मावशी. तसलं काही न्हाई.” तिनं चूळ भरली, तोंड धुतलं. सितारामनं मशीन बंद केलं होतं. “मी झरीच्या परमेश्वरची बायको. तुमची पेटी घेऊन गेले ते.”

“मंग बस की! च्या ठिवते. लय भला माणूस. वझं नेलं आमचं.”

“काका, तुमाला ती हत्यारं विकताना वाईट न्हाई वाटलं?”

सिताराम हसला. “वाईट कशाचं? जलमभर रंधा ओढून खांदे गेले माझे. ह्या मशीननं सुख दिलं बघ. गेली पेटी तर जागा झाली.”

राजेश्रीला तिथून निघून यावंसं वाटलं. साडी पिशवीतच ठेवायची, चहा प्यायचा, गाडी धरायची. कुणाला काही कळलं नसतं. पण धुरपताबाई चहा ठेवून समोरच येऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या कपाळाकडं बघवत नव्हतं. तिनं मोबाईल काढला.

“मावशी, हे बघा.”

त्यांनी मोबाईल लांब धरून बघितला. “कोन ही?”

“तुमीच.”

धुरपताबाईंचा हात आपोआप कपाळाला गेला. बोटाला लागलेलं कुंकू त्यांनी बघितलं, परत फोटो बघितला. “माझं कुंकू कुठं गेलं?”

“पुसलं. मोबाईलमधी पुसता येतं.”

“कुनी पुसलं?”

“माझ्या नवऱ्यानं.”

सिताराम जवळ आला. “आन् खाली काय लिवलंय?”

राजेश्रीनं मराठीत सांगितलं. सगळं, एक ओळ न गाळता. सिताराम ऐकत होता तसतसा त्याचा चेहरा लाल होत गेला. “मारलं ते मारलं,” तो शेवटी म्हणाला. “पर उपाशी कशाला मारलं? म्या कुनाच्या दारात गेलो का कवा? तीन पोरींची लग्नं केली मी ह्या हातानं. आन् हे लोकायला वाचून दावलं? रिकामी चूल?”

“लिवलं कुनी?” धुरपताबाईंनी विचारलं.

“मी.”

आत चहाला उकळी आलेली ऐकू येत होती. धुरपताबाई उठल्या नाहीत. राजेश्रीनं साडी काढून पुढं ठेवली, कुणी पाठवली ते सांगितलं. त्यांनी ती हातही न लावता पायानं बाजूला सारली. “माझा धनी समोर बसलाय. उचल ही.”

“अगं, पोरीची काय चूक,” सिताराम म्हणाला.

“पोरीनंच लिवलंय.” मग राजेश्रीकडं बघून, “पानी पिलीस न्हवं? आता जा. आन् घरी जायच्या आधी ते पुस. माझं पुसलंस तसं पुस.”

ती दारापर्यंत गेली तेव्हा सितारामनं हाक मारली. तो मशीनशेजारी ताठ उभा राहिला, डोक्यावरचा भुस्सा झटकला. “थांब. माझा फोटू काढ. आन् लिव, ह्यो जिता हाय आन् जेवून बसलाय.”

फाट्यावरच्या निंबाखाली बसून राजेश्रीनं जुना फोटो काढून टाकला आणि सितारामचा टाकला. इंग्रजीत लिहिलं, मराठीतही लिहिलं. कुंकू कसं पुसलं, निजामाचा वाडा कुठून आला, घामाचे डाग कशाचे, बाभूळ कशात मुरवली. ज्यांनी ज्यांनी असं हत्यार घेतलंय त्यांनी पैसे परत मागावेत, असंही लिहिलं. मग तिनं गाडी धरली.

लोक चिडतील, शिव्या देतील, अशी तिची तयारी होती. जिंतूर येईपर्यंत उत्तरं यायला लागली. एकानं लिहिलं, हे ताबडतोब काढा, तुमचा रंधा माझ्या दुकानात काचेत ठेवलाय, गिऱ्हाइकानं वाचलं तर भाव पडेल. दुसऱ्यानं विचारलं, या सुताराकडं अजून काही शिल्लक आहे का. तिसरा म्हणाला, शेणात मुरवलेला हवाय, गोष्ट भारी आहे. पुण्याच्या बाईंनी एवढंच लिहिलं, “मग साडी परत पाठवा.” पैसे कुणीच मागितले नाहीत.

गाडीच्या खिडकीशी बसून ती एकेक उत्तर वाचत होती. आजवर तिला नवऱ्याची किळस येत होती, स्वतःची येत होती. आता त्या सगळ्या अनोळखी, चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्या माणसांचीही शिसारी आली. आपण फसवले गेलो याचं त्यांना दुःखच नव्हतं.

संध्याकाळी परमेश्वर परत आला तो तणतणतच. “डोकं फिरलंय का तुझं? घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडतात का?” पार्वतीबाई दारात उभ्या राहून त्याला दुजोरा देत होत्या.  बोलता बोलता त्याचा मोबाईल वाजला, परत वाजला. तो वाचत गेला आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या. मग तो चक्क हसला.

“बघ गं! शेणातलेच पाहिजेत म्हणायलेत. तू तर गिऱ्हाईक वाढवलंस!”

त्यानं तिच्या खांद्यावर थाप मारली. राजेश्री उठली, खोलीत गेली आणि कपडे भरायला लागली. सकाळी पहिल्या गाडीनं ती पिंगळीला गेली.

साडी तिनं पोस्टानं पुण्याला पाठवली. पिंगळीत आईच्या घरीच तिनं शिकवण्या सुरू केल्या. दीडेक महिन्यानं परमेश्वर न्यायला आला. नवा शर्ट घालून, मिठाईचा डबा घेऊन. खोटं सोडलं म्हणाला, आता अस्सल तेवढंच विकणार म्हणाला.

“देवगाव फाट्याला जाऊन आलाव का? मावशीचे पाय धरलेत का?”

“कशाला? त्या सुताराला काय नुसकान झालं? पैसे मिळालेच की त्याला.” तो खरंच गोंधळला होता. “आन् तू किती दिस धरून बसणार हे?”

चहा पिऊन तो गेला. त्याचं दुकान आता दुसऱ्या नावानं चालतंय. इंग्रजी आता मोबाईलच लिहून देतो, त्यामुळं तिच्यावाचून त्याचं काही अडलेलं नाही.

गल्लीतल्या बाया राजेश्रीला विचारतात. नवरा पीत नाही, मारत नाही, बाहेरख्याली नाही, चार पैसे कमावतो, मग झालं काय? पहिल्या पहिल्यांदा ती सगळं सांगायची, कुंकवाचंही सांगायची. बाया ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “फोटोतलंच पुसलं ना? खरं थोडंच पुसलं.” आता ती सांगत नाही. विचारलंच कुणी, तर “जमलं न्हाई,” म्हणते आणि आत निघून जाते.