नेपच्यूनपलीकडचा माल

"मास्तर, त्या गोयासमा कोन्ही हात टाकेल शे का?"

चोपड्याच्या कॉलेजात, भर व्याख्यानात मागच्या रांगेतून दगडूनाना, त्या गोळ्यांत कोणी हात घातलाय का म्हणून, अहिराणीत ओरडले, तेव्हा मी नुकता कुठे नेपच्यूनपलीकडे पोहोचलो होतो. नव्वदच्या दशकातले दिवस. तिकडे नवेनवे सापडलेले बर्फाळ गोळे काही लाल, काही राखाडी कसे, हे मी छाती फुगवून सांगत होतो. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्याच आठवड्यात ठरायचं होतं, आणि सही करणारे संचालक हेच नाना.

नानांचं आयुष्य कापसाची प्रत लावण्यात गेलेलं. गाडीवर वरचा कापूस चांदण्यासारखा असला की त्यांचं कपाळ आठ्यांनी भरे. "दाखवायचं ते वर ठेवतात," म्हणत ते कोपरापर्यंत हात खुपसत. एकदा तळातून पाणी मारलेला कापूस, दोन विटा आणि एक रागावलेलं मांजर निघालं. नानांनी मांजराचीही प्रत लावली म्हणतात. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी लाडवांच्या परातीत तळापर्यंत हात घातला होता, आणि व्याही अजून बोलत नाहीत.

"एका वावरातला माल आणि रंग दोन?" नाना आता उभेच राहिले. "कोणीतरी भेसळ केलीय."

सभागृह हसलं. प्राचार्य हसले नाहीत. यान जाऊन आतून बघून आलंय, अशी थाप माझ्या जिभेवर तयार होती. मी तशा रोज चार मारत असे. पण नाना माझ्याकडे ओल्या गाठोड्याकडे बघावं तसं बघत होते. थाप गिळली.

"नाही नाना," मी म्हणालो. "आपल्याला फक्त सालीवरून आलेला उजेड मिळतो. युगानुयुगं किरणं खाऊन साल लाल होत असावी. धडक बसून ती फुटली, की आतला ताजा बर्फ वर येत असेल. राखाडी कशानं, आत काय, मला माहीत नाही."

नाना खाली बसले. मी मनातल्या मनात ट्रंक बांधली.

चौथ्या दिवशी सही झाली. मी पेढे घेऊन गेलो. नानांनी खालच्या थरातला पेढा उचलून वास घेतला. मी विचारलं, "म्हणजे गोळ्यांचं पटलं ना, नाना?"

"गोळे मला घ्यायचे नव्हते," नाना म्हणाले. "मास्तर घ्यायचा होता."