अक्षरं नसलेली शिळा

आमच्या विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या सिस्टर हिरव्या शाईने वह्या तपासायच्या. वाक्य कितीही देखणं असो, समासात त्यांचा एकच शब्द असायचा: ‘कशावरून?’ माझ्या पहिल्याच निबंधावर असे सतरा ‘कशावरून’ होते. मी ते मोजले, कारण मला भयंकर राग आला होता. बारावीपर्यंत निबंधात कायम पहिलं बक्षीस मिळवलेली मी, आणि ह्या बाईंना माझं एक वाक्य पटत नव्हतं! ‘त्या काळी प्रजा सुखी होती’ असं मी लिहिलं होतं, तिथे तर ‘कशावरून’च्या खाली दोन रेघा मारल्या होत्या.

विद्यापीठ ख्रिस्ती संस्थेचं, ठाण्यात. आम्ही आंबिवलीचे, बौद्ध. घरात भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, शेजारी बुद्धाची मूर्ती, सकाळी वंदना. मी तिथे इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करणार हे कळल्यावर काकू काळजीने पप्पांना म्हणाल्या, “भावजी, पोरीला तिकडे बाटवतील हां.”

“आपण एकदा बदललाय धर्म, विचार करून. तेवढा पुरे आहे,” पप्पा म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

पप्पांना काळजी होती ती वेगळीच. ते पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. म्हणजे लोखंडाची लांब, टी आकाराची चावी खांद्यावर टाकून वॉर्डावॉर्डात हिंडायचं, रस्त्यातलं झाकण उघडायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि त्या भागाला पाणी सोडायचं. इतिहास शिकून नक्की काय करतात हे त्यांना समजत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. शेवटी आमच्यात करार झाला. तिसऱ्या वर्षाचा प्रबंध पहिल्या वर्गात आला, तर एम.ए. करायचं. नाही आला, तर मुकाट बँकेच्या परीक्षांचा क्लास लावायचा. क्लास कल्याणला स्टेशनजवळच होता. पप्पा त्याचं पत्रकही घेऊन आले होते आणि ते फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

पण मला विद्यापीठ सोडवेना, त्याचं कारण घडलं पहिल्याच महिन्यात. सिस्टरांनी ग्रंथालयाच्या कपाटातून एका जुन्या चर्चची नोंदवही काढली. हात धुऊन, पुसून या म्हणाल्या. बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. किनाऱ्यावरच्या गावांतली साधी माणसं, कुणी मासे मारणारा, कुणी मिठागरात राबणारा. एका ओळीत चार दिवसांचं एक मूल गेल्याची नोंद होती. सिस्टरांनी ती ओळ वाचली आणि बोट तिथेच ठेवून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “ह्या बाळाला कुणी राजा ओळखत नव्हता. पण कुणीतरी त्याचं नाव लिहिलं, म्हणून आज आपण त्याच्यासाठी थांबलो.” मी अक्षरशः थरारले. आणि लगेच दुसरा विचार आला, तो मात्र टोचला. माझ्या पणजोबांचं नाव असं कुठे लिहिलंय? कुठेच नाही. आमच्या माणसांनी लिहायला सुरुवात करून तीनच पिढ्या झाल्यात. मग आम्ही त्याआधी नव्हतोच का?

त्या दिवसापासून लिहिलेल्या अक्षरावर माझी भक्ती जडली. त्या भक्तीनेच पुढे माझा घात केला.

तिसऱ्या वर्षी मी प्रबंधासाठी शिळा निवडली. कोलशेतच्या बाजूला, खाडीलगतच्या एका गावात देवळाच्या मागे ती उभी आहे. अंगभर शेंदूर. गाव तिला देवी मानतं. पण वरच्या बाजूला शेंदरातूनही सूर्य-चंद्राचे उंचवटे कळतात, आणि ज्याने पुस्तकं वाचलीत त्याला लगेच समजतं की हा गधेगाळ आहे. हजार वर्षांपूर्वीचे राजे जमीन दान द्यायचे तेव्हा अशी शिळा रोवायचे. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर ही आज्ञा चालेल. मध्ये लेख. आणि तळाला गाढव आणि बाई. त्याचा अर्थ वर्गात सांगताना माझी जीभ अडखळली. पलीकडे चॅपेल, समोर नन, कसं बोलणार?

“आज्ञा मोडणाऱ्याच्या आईवर गाढव चढेल,” सिस्टर शांतपणे म्हणाल्या. “शिवी आहे. लाजताय काय? आज्ञा राजाची, मोडणारा पुरुष, आणि शिक्षा बाईला. हे राज्यशास्त्राच्या वहीत लिहा.”

आम्ही सगळ्यांनी माना खाली घालून लिहिलं.

प्रबंधाचं नाव मी जानेवारीतच नोंदवून टाकलं: ‘खाडीकाठच्या एका दानशिळेच्या लेखाचे वाचन’. पुस्तकातल्या झाडून सगळ्या फोटोंत मधल्या भागात लेख होता, म्हणून माझ्या शिळेवरही तो असणारच. सिस्टरांनी फॉर्मवर सही केली आणि कडेला हिरव्या शाईत तोच शब्द लिहिला. मी म्हटलं, ही त्यांची सवयच आहे.

आता शेंदूर काढायचा कसा? पहिल्यांदा सिस्टर माझ्याबरोबर आल्या. देवळाबाहेर त्यांनी चपला काढल्या आणि अंगणातच उभ्या राहिल्या. शिळेची पूजा करणारी एक आजी होती, नव्वदीला टेकलेली, आगरी. सिस्टरांनी तिला नमस्कार केला आणि म्हणाल्या, “आम्ही बघायला आलोय. तुम्ही सांगाल तसं.” आजीने पांढऱ्या साडीतल्या सिस्टरांना आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“शेंदूर आमी खरवडत नाय,” ती म्हणाली. “देवीचा कवच आपसूक सुटतो. सुटला का नवा चढवायचा. तवा ये.”

“कधी सुटतं, आजी?”

“सुटंल तवा सुटंल. देवीला काय तुझे परीक्षेचा टायमटेबल दावू?”

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी दर रविवारी जाऊन शेंदराच्या कडा बघून यायचे. एक तडा पडला होता, तो तेवढाच. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले आणि आजीच्या सुनेचा फोन आला: “ये गो, कवच सुटला.”

मी धावत गेले. शेंदराचा तो बोटभर जाड थर एका अंगाने सुटून खाली आला होता. आजीने तो सुपात घेऊन ठेवला होता, खाडीत सोडायला. आणि शिळा उघडी होती. काळी, ओलसर, तेलकट. कित्येक वर्षांत तिला कुणी असं पाहिलं नसेल. शिकवल्याप्रमाणे मी तिच्यावर ओला कागद बसवला, ब्रशने ठोकून ठोकून खाचांत भरला आणि वाळल्यावर शाईची पुरचुंडी हलक्या हाताने फिरवायला घेतली. कागदावर सूर्य उमटला. चंद्र उमटला. खाली गाढवाचा कान, बाईचा हात. मध्ये मी पुन्हा पुन्हा शाई फिरवली. मध्ये काहीच नव्हतं. एक अक्षर नाही, अक्षराची खूणही नाही. काळा, सपाट, गुळगुळीत चौकोन.

वाचन कसलं करणार? कपाळ! तिथे बसून मी रडले. आजीला काही कळेना. तिने मला पाणी दिलं आणि नव्या शेंदरात तेल कालवायला घेतलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी ठशाचा कागद जमिनीवर पसरला आणि पप्पांना सांगितलं, “संपलं. क्लासचं बघा.” कराराप्रमाणे त्यांनी खूश व्हायला हरकत नव्हती. पण ते चष्मा लावून कागदाजवळ उकिडवे बसले.

“काय असतं ह्याच्यात?”

मी सांगितलं. राजाची आज्ञा, जमिनीची हद्द, कुणी मोडायची नाही.

“आणि ते लिहिलेलंच नाही.”

“नाही ना! म्हणजे पुरावाच नाही.”

पप्पांनी मधल्या काळ्या चौकोनावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “अगं, पाइपावर कुठं लिहिलेलं असतं? पंचवीस वर्षं झाली, ऑफिसातला नकाशा एकदा बरोबर निघाला नाही. साहेब नकाशा घेऊन येतात आणि मला विचारतात, लाइन कुठून गेलीय? मी काय करतो? चावी फिरवतो आणि चालत जातो. जिथवर नळाला पाणी येतं, तिथवर ती लाइन. तुझ्या दगडाची आज्ञा कुठवर येते, ते चालून बघ ना.”

राज्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हा आमच्या राज्यशास्त्राच्या पेपरातला पहिला प्रश्न. त्यावर मी तीन वर्षं उताऱ्यांमागून उतारे पाठ केले होते. आणि ह्या माणसाने आंबिवलीच्या दीड खोलीत, बनियनवर बसून त्याचं उत्तर दिलं होतं. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि इतकी वर्षं त्यांना काही विचारलं नाही म्हणून माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी आजीला विचारलं, “ह्या देवीचा काही नियम आहे का?”

“हाय ना. देवीचे पायापासून खाडीपावेतो भिंत घालायची नाय. कुणीच नाय. जाळी वाळवा, मासं सुकवा, पोरा खेळू देत. भिंत नाय.”

“हे कुणी सांगितलं?”

“सासूनी. मी नवरी आले ना, तवा हलद निघायचे आत तिनी हाताला धरून चालवत नेली. पार पाण्यापावेतो. तिला तिचे सासूनी नेलेली. माझे सुनेला मी नेली. गावात नवी सून आली का तिला चालवतात.”

“मला न्याल?”

आजी हसली. “तू कोनाची सून गो?” पण उठली. माझा हात धरला, आणि आम्ही निघालो.

एवढं हळू मी आयुष्यात कधी चालले नव्हते. सगळीकडून टॉवर उठलेले होते, बांधकामाचे निळे पत्रे ठोकलेले होते. शिळेपासून पाण्यापर्यंत मात्र एक पट्टा उघडा होता. जाळी पसरलेली, बांबूवर बोंबील टांगलेले. डाव्या हाताचे पत्रे एका रेषेवर येऊन थांबले होते, उजव्या हाताचेही. आजी कडेकडेने चालत होती आणि तिचं पाऊल जिथे पडत होतं तिथून हातभर अंतरावर ते पत्रे होते. आज्ञा देणारा राजा गेला, त्याचं घराणं गेलं. त्याची भाषा आज मलाही कोश उघडल्याशिवाय समजत नाही. आणि त्याची हद्द एका निरक्षर बाईच्या तळव्यांत जिवंत होती. ज्या शिळेच्या तळाशी बाईला शिवी कोरलीय, तिची आज्ञा बायांनीच हळदीच्या पायांनी पुढे नेली होती. पाण्याशी पोचल्यावर मी वाकून आजीच्या पाया पडले. आमच्याकडे ऊठसूट पाया पडत नाहीत, पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही.

प्रबंधाचं नाव बदलायला मी सिस्टरांकडे गेले. सगळं ऐकून त्या उठून खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “देवा रे!” मग वळून लगेच: “पण ती जागा खाडीकिनाऱ्याच्या कायद्यानेही मोकळी राहिली असेल. आणि लेख मुळातच नव्हता की झिजला? नियम राजाचाच कशावरून?” मी म्हटलं, “सांगता येत नाही.” त्या म्हणाल्या, “मग तसंच लिही.” मी तसंच लिहिलं. अकरा सासवा-सुनांना भेटून त्यांचं चालणं नोंदवलं, कायद्याचंही एक प्रकरण घातलं, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगितलं.

शेवटच्या प्रकरणात एक वाक्य होतं: ‘आज्ञा जिथवर लिहिली जाते तिथवर नव्हे, तर जिथवर पाळली जाते तिथवर राज्य असते.’ कच्च्या मसुद्यात त्याच्यासमोर हिरवा ‘कशावरून?’ होता. प्रत्येक विधानाला आधार हवा, हा तिथला नियमच होता. मी खूप विचार केला आणि तळटीप दिली. सिस्टरांनी ती वाचली आणि बरोबरची खूण केली. तीन वर्षांतली ती पहिली खूण.

निकाल लागला त्या दिवशी मी बांधलेला प्रबंध पप्पांच्या हातात दिला. पहिला वर्ग मिळाला होता, पण ते मी आधी सांगितलं नाही. शेवटचं प्रकरण उघडून तळटीपेवर बोट ठेवलं. पप्पांनी चष्मा लावला आणि प्रत्येक शब्दाखालून बोट सरकवत मोठ्याने वाचलं: “संदर्भ: मुलाखत, पाणीपुरवठा विभागातील चावीवाले, आंबिवली. संशोधिकेचे वडील.”

त्यांनी ते पुन्हा वाचलं, ह्या वेळी मनात. आपल्या तोंडचा शब्द कुणी पुस्तकात उतरवून ठेवला, असं आमच्या घरात आजवर झालं नव्हतं. त्यांच्या हाताला ग्रीसचा वास येत होता आणि डोळे भरले होते. त्यांनी ते लपवले नाहीत.

मग उठून त्यांनी फ्रिजवरचं क्लासचं पत्रक काढलं, त्याची चौपदरी घडी केली आणि पान चुकू नये म्हणून प्रबंधात त्या तळटीपेपाशी ठेवली.

“एम.ए.चा फॉर्म कधी मिळतो?” त्यांनी विचारलं.