पिवळी दोरी

विमानतळावरून कॅम्पसला निघालेल्या बसमध्ये समोर बसलेली एक नवी मुलगी फोनवर म्हणत होती, "बसले गं आई, मिळाली बस." तिची बॅग पिवळ्या नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधलेली होती.

मी या परक्या देशात शिकायला आले तेव्हा माझीही अशीच होती. बाबांनी बॅगेवर गुडघा रोवून गाठी मारल्या होत्या. याच बसमध्ये लाज वाटून मी ड्रायव्हरकडे कात्री मागितली आणि दोरी कापून कचऱ्यात टाकली.

"गाठी सुटल्या का गं?" बाबांनी फोनवर विचारलं.

"सुटल्या," मी म्हणाले.

"सुटतील अशाच मारल्या होत्या," ते खूश झाले.

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. मला पोचता आलं नाही.

निरोप देणाऱ्याच्या हाती घट्ट बांधून देण्यापलीकडे असतं तरी काय!

मुलगी ओढणीनं दोरी झाकू लागली. "कुणी बांधली?" मी विचारलं.

"बाबांनी," ती ओशाळून म्हणाली.

"गाठींना हात लावू?"