खारबांधावरचे चार किलोमीटर

शनिवार-रविवारी अलिबाग-मुरूड रस्त्यावर सायकल चालवायची, तर घरच्यांचा निरोप घेऊनच निघावं. मुंबईच्या गाड्या सुसाट येतात. चालवणाऱ्याचा एक डोळा मोबाइलच्या नकाशात असतो आणि दुसरा समुद्र कुठे दिसतो का ते शोधत असतो. रेवदंड्याच्या पुलावर एकाने मला असं दाबलं की हँडल कठड्याला घासलं. काशीदला पोचले तर त्याचीच गाडी शहाळ्याच्या टपरीपाशी उभी. सायकलवरून न उतरता मी त्याला जे ऐकवायचं ते ऐकवलं. माझी जीभ तिखट आहे हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे, घरच्यांना त्याहून जास्त.

सायकल मी चाळिशी उलटल्यावर घेतली. गुडघे कुरकुरायला लागले होते, डॉक्टर म्हणाले चाला, आणि चालण्याचा मला कंटाळा. हळूहळू आम्ही सात-आठ जण जमलो. पहाटे अलिबाग सोडायचं, चौल, कोर्लई, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला पोचायचं, फेरीबोटीत सायकली घालून दिघीला उतरायचं. मजा यायची, खोटं कशाला बोलू? पण गाड्या वाढल्या आणि मजेपेक्षा धसका मोठा झाला. ग्रुपवर रोज एकच रड सुरू झाली, दुसरा रस्ता शोधा. भूगोल शिकवणारी मी एकटीच, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी माझं माहेर काढलं.

माझं माहेर धरमतरच्या खाडीकाठी, खारेपाटात. तिथे खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध असतो. बांधाच्या बाहेर भरतीचं खारं पाणी, आत आमचं भात. पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला बांधात झडपांचं दार बसवलेलं असतं, त्याला उघाडी म्हणतात. बांधाच्या माथ्यावरून चार किलोमीटर सरळ वाट. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात, वर आभाळ, आणि गाडी एकही नाही. पोयनाडच्या बाजारातून आत वळायचं, शेतातल्या रस्त्याने उघाडीपाशी यायचं, तिथे सायकल ढकलत बांधावर चढवायची आणि पलीकडच्या गावच्या डांबरी रस्त्याला लागायचं.

सायकलवाल्यांच्या ॲपवर मी हा रस्ता टाकला, फोटोंसकट. महिन्याभरात पनवेलची, ठाण्याची, पुण्याची माणसं यायला लागली. किनाऱ्यावरच्या हॉटेलांनी भाड्याच्या सायकली ठेवल्या आणि पाहुण्यांना माझाच नकाशा द्यायला सुरुवात केली. अनोळखी माणसं मला 'रूटवाल्या ताई' म्हणू लागली. मी फुशारले होते. भूगोल शिकवून इतकी वर्षं झाली, एवढं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं.

सूचनाही मी भरपूर लिहिल्या होत्या. दोन बाटल्या पाणी घ्या, सावली नाही. पंक्चरचं सामान ठेवा. वडापाव पोयनाडलाच खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. कागद, पिशव्या टाकू नका. एकच गोष्ट लिहिली नाही.

आमच्या गावात बांध रिकाम्या हाताने चढायचा नाही, अशी रीत आहे. चढताना पायथ्याचं एक ढेकूळ उचलायचं, माथ्यावर ठेवायचं आणि टाचेने दाबायचं. पायांनी जेवढी माती खाली येते तेवढी हातांनी वर गेली पाहिजे. मग तुम्ही घरचे असा, पाहुणे असा, नाहीतर पंचनाम्याला आलेले तलाठी असा. नवी नवरीसुद्धा पहिल्यांदा खाडी बघायला आली की शालू सावरत ढेकूळ उचलते. लहानपणी मी विसरले तर बाबा मला परत खाली पाठवायचे.

हे मी लिहायला घेतलं होतं. लिहिलं आणि पुसलं. हेल्मेट घालून, काळा चष्मा लावून, माझ्या दोन महिन्यांच्या पगाराच्या सायकलवर आलेल्या माणसाला चिखल उचला म्हणून कसं सांगायचं? हसतील, म्हणतील गावंढळ. मला माहेरची लाज वाटली, दुसरं काही नाही. आणि पुढे तर मी स्वतःही ढेकूळ उचलेनाशी झाले, कारण मागून येणारे बघत असत.

दीड वर्षात उघाडीपाशी, जिथून सगळे सायकली चढवत, तिथे बांधाच्या माथ्याला खाच पडली. घोड्याच्या पाठीसारखा तेवढाच भाग खाली बसला. गणपतीला माहेरी गेले तेव्हा आरती झाल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुझी माणसं उघाडीपाशी बांध खाली आणतायत. त्यांना सांग, दुसरीकडून जा, न्हायतर माती टाका."

घरात पाहुणे होते, शेजारी होते. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर उखडले. "चार सायकलींनी बांध पडतो होय? दोन वर्षं तुम्ही जोळ काढली नाहीत, त्याचं काय? सगळे कंटेनर चालवायला जाता, बांधाला माती कोण घालणार? मी?" जोळ म्हणजे घरटी एक माणूस देऊन सगळ्या गावाने बांध दुरुस्त करायचा. ती खरंच बंद पडली होती, त्यामुळे तो आरतीचं तबक उचलून आत गेला. मला वाटलं, जिंकले.

त्यानंतर पंचवीसेक दिवसांनी सर्वपित्री आली. बाबांचं पान वाढायचं म्हणून भावाने मला जेवायला बोलावलं होतं. बस सोडून मी सायकल काढली, तीही बांधावरून. सव्वाअकराला उघाडीपाशी आले. खाडी फुगून आली होती. खाचेशी पाणी अजून हातभर खाली होतं, पण माती आतून ओली झाली होती आणि आतल्या उतारावर झिरपा लागला होता. चाक खाली रुतलं. अमावास्येला दुपारी बारानंतर मोठी भरती, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. काय होणार ते मला कळलं, अगदी स्वच्छ कळलं.

मी घरी गेले आणि काही बोलले नाही.

बोलले असते तर भाऊ म्हणाला असता, बघ, सांगत होतो ना. ते मला ऐकायचं नव्हतं. एवढ्याचसाठी. जेवण झालं की सहज विषय काढल्यासारखा सांगू, तोवर काय होतंय, असं मी ठरवलं आणि भावजयीला वडे तळायला मदत करायला बसले.

पान कौलांवर ठेवलं होतं, कावळा शिवायचा होता. तेवढ्यात शेजारचा धावत आला. म्हणाला, "उघाडीपाशी खांड गेली." बांध फुटला की आमच्याकडे खांड गेली म्हणतात. भाऊ सोवळ्याच्या धोतरातच पळाला. मागोमाग आळीतला सगळा माणूस गोणपाटं, पेंढा, फावडी घेऊन पळाला. आम्ही पोचलो तेव्हा खाच दोन बैलगाड्या जातील एवढी झाली होती आणि पाणी आवाज करत आत येत होतं. भरलेल्या गोणी टाकल्या की वाहून जात. भावाचं भात पोटरीतून बाहेर पडून दाणा धरत होतं. अर्ध्या तासात त्याच्यावर कंबरभर खाडी उभी राहिली.

ओहोटीला पाणी उतरलं. भात उभंच होतं, हिरवं. चार दिवसांनी कणसं पांढरी पडली, दाबली तर आत काही नाही. खारं पाणी एकदा बसलं की दोन-तीन पावसाळे धुऊन काढतील तेव्हा त्या जमिनीत पुन्हा भात होईल. भाऊ आता दिघीच्या बंदरात कामाला जातो, आठ दिवसांनी घरी येतो.

त्याच आठवड्यात मी ॲपवरून रस्ता काढून टाकला. काही उपयोग झाला नाही, तो शंभर ठिकाणी नकलून गेला होता. दिवाळीनंतर भावाच्या शेतात साचलेल्या पाण्यावर बगळे यायला लागले, आणि ते बघायला लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन माणसं. एकाने मला निरोप पाठवला, ताई, ही नवी जागा नकाशात टाका ना, सूर्यास्त भारी दिसतो. त्याला उत्तर काय दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मार्गशीर्षात गावाने जोळ काढली. बांध फुटल्यावर सगळ्यांना बांध आठवला, आमची माणसं अशीच. मी सायकलच्या ग्रुपवर लिहिलं, एक रविवार द्या, फक्त माती उचलायची आहे. बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले. एकाने विचारलं, नाश्त्याची सोय आहे का? आलं कुणी नाही. मी एकटीच गेले, बसने.

माणसांची रांग लावून घमेली पुढे देत होते. मला भावाच्या शेजारी जागा मिळाली. तासभर घमेली त्याच्या हातातून माझ्या हातात येत राहिली. मग माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "त्या दिवशी येताना मी बघितलं होतं. खाचेत माती ओली झाली होती. मी तुला सांगितलं नाही."

"ठाव हाय," तो म्हणाला. "दोन दिस पाऊस न्हवता, अन् तू सायकल अंगणात लावलीस तवा चाकाला ओला काळा चिखल. उघाडीबिगर तो कुठं लागतो?"

"मग मला विचारलं का नाहीस?"

घमेलं माझ्या हातात देऊन तो पुढचं घ्यायला वळला. "इचारलं असतं तर तू गणपतीतल्यावानी चार माणसांत भांडली असतीस. बाबांच्या पानाला मला भांडण नको होतं. म्हटलं, जेवण झालं का गुपचूप बघून येऊ."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उलटून बोलले असते, तेवढं मला येतं. तो माझ्या जिभेला भिऊन थांबला होता, आणि भरती काही आमचं जेवण होईपर्यंत थांबली नाही. माझ्या पुढच्या बाईने घमेलं मागितलं. मी ते तिच्या हातात दिलं.